शालीतलं तेज

"तेज! तेज दिसायला लागलं!"

दातांचे डॉक्टर ओरडले आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम पुढे आल्या. पडदे ओढलेले, दिवे मालवलेले. कोचावर, खुर्च्यांवर, खुर्च्यांच्या हातांवर, जमिनीवर, जिथे म्हणून बूड टेकता येईल तिथे माणसं. दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग, की जाताना कोण कुणाच्या चपला घालून जाईल याचा नेम नाही. खोलीच्या मधोमध मखमली उशीवर घरातला इंटरनेटचा नवाकोरा राउटर विराजमान झालेला. आणि त्याच्यासमोर जाड काळी शाल डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत ओढून बसलेले तरंगबाबा. शालीच्या आतून, बरोबर छातीच्या जागी, निळसर पांढरा उजेड पाझरत होता.

"थेट हृदयातून येतोय हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मंद झाला, मंद झाला!" डॉक्टरांचा श्वास अडकला. उजेड खरंच मंदावला होता. शालीत जराशी हालचाल झाली आणि तो पुन्हा लख्ख झाला. खोलीभर सुस्कारे सुटले.

शालीतून घुमल्यासारखा आवाज आला. "विश्व म्हणजे काय?"

"तरंग!" सगळे म्हणाले.

"माणूस म्हणजे काय?"

"तरंग!"

"आणि हा राउटर म्हणजे काय?"

"तरंग!"

"चूक. राउटर म्हणजे राउटर. त्याच्यातून वाहतो तो तरंग."

वा, वा, काय खोल बोलले, अशा अर्थाची एक लाट खोलीतून फिरली. त्यात खोल काय होतं हे विचारायची कुणाची टाप नव्हती. "आता हा श्वास घेईल," बाबा म्हणाले, आणि राउटरवरचे सगळे दिवे विझले. मग एक दिवा लुकलुकला, दुसरा, तिसरा, आणि सगळे हिरवेगार झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोपऱ्यातल्या एका बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांच्या घरी राउटर नव्हता, तरीही लागली.

सगळ्यात मागे, चपलांच्या रिकाम्या कपाटावर एक जण हाताची घडी घालून बसली होती. ही आत्या. मुळात ती या घरातल्या मुलीची आत्या, पण त्यामुळे शेजाऱ्यांची, पोस्टमनची आणि तिच्याकडे गणित शिकणाऱ्या झाडून सगळ्या मुलांचीही आत्याच. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती भावाच्या या घरात, रस्त्याकडच्या खोलीत बसून फोनवरून गणित शिकवायची. मागे फळा, पुढे फोन, आणि फोनमध्ये पोरांची चिमुकली तोंडं. ती आत्ता विचार करत होती, की हृदयातून येणारं तेज मधूनमधून विझायला का येतं? तिचा फोनही असंच करायचा. एखादं पोर गणितात अडकलं आणि तिनं बराच वेळ पडद्याला बोट लावलं नाही, की पडदा मंद. बोट लावलं, की लख्ख. पण शंका आली म्हणजे उत्तर मिळालं असं नव्हे, हे तीच वर्गात ओरडून ओरडून सांगायची. म्हणून ती गप्प बसली.

"या घरात," शाल पुन्हा बोलली, "अण्णा नावाचं कुणीतरी आहे."

आत्याच्या हाताची घडी सुटली. समोर बसलेल्या दादाची मान ताठ झाली.

"आहे. नक्की आहे. रस्त्याकडच्या खोलीत आहे. दुपारी त्यांचा जोर फार असतो. तासन्‌तास, अगदी न थकता काम करतात."

दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. त्याची गाडी शिकवायची शाळा होती. त्याच्या ओरडण्यानं शिकाऊ लोक सरळ रस्त्यावरही वळण घेत. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाखाली जादा ब्रेक असायचा आणि त्या सवयीनं घरात कुणी काही वावगं बोललं, तरी त्याचा उजवा पाय फरशी दाबायचा. त्या दादानं आता दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

अण्णा त्या दोघांचे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

रडण्याचा आवाज ऐकून शालीत क्षणभर काहीच हललं नाही. मग शालीनं जपून विचारलं, "म्हणजे अण्णा आपल्याला सोडून..."

"गेल्या वर्षी गेले हो," दादाच्या पत्नी, म्हणजे वहिनी, डोळे पुसत म्हणाल्या.

"तेच तर मी सांगतोय!" शाल गरजली.

त्या दिवशी लोक निघाले तेव्हा खरोखरच तीन जण दुसऱ्यांच्या चपला घालून गेले. एवढं भान कुणाला होतं!

आता हे सगळं सुरू कुठून झालं, ते सांगायला हवं. सुरुवात वहिनींपासून. वहिनींच्या घरात कुठल्याही नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नव्हती. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये, गादी प्लॅस्टिकमध्ये, कोच प्लॅस्टिकमध्ये. उन्हाळ्यात त्यावरून उठताना माणूस सोलून निघायचा. राउटर आला तेव्हा बसवणाऱ्यानं तो भिंतीला अडकवून दिला आणि तो गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच वहिनींनी तो काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि धूळ बसू नये म्हणून स्टीलच्या भांड्यांच्या लोखंडी कपाटात, मोठ्या पातेल्यामागे ठेवला. मग नेट कुठून येणार? आत्याच्या वर्गातली पोरं अर्धं वाक्य बोलून पुतळ्यासारखी थिजायची.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तरंगबाबांचं नाव सुचवलं. "माझ्या दवाखान्याचं नेट त्यांनी नुसत्या हाताच्या स्पर्शानं बरं केलं," ते म्हणाले. डॉक्टर शिकलेसवरलेले, तेव्हा प्रश्नच मिटला. बाबा आले. त्यांनी राउटर कपाटातून काढून मांडीवर घेतला, उलटा केला, त्याच्या पोटाकडे पुष्कळ वेळ टक लावून पाहिलं. याला म्हणे उदरदर्शन म्हणतात. मग तो कपाटाच्या डोक्यावर ठेवला. झालं! घरभर नेट धावायला लागलं. लोखंडी पेटीतून रेडिओलहरी बाहेर पडायला धडपडतात, हे दादालाही शाळेत शिकवलेलं असणार. पण चमत्कार समोर उभा असताना शाळा कोण आठवतो?

वर शाल पांघरून बाबांनी विचारलं, "घरात छकुली कोण?"

ते ऐकून आत्याच्या भाचीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा, चेहरा पडला. ती कॉलेजात जात होती, आणि हे नाव बाहेर कुणाला कळलं तर घर सोडून जाईन अशी धमकी तिनं दिली होती. कुणालाही ठाऊक नसलेलं नाव बाबांना ठाऊक! तेव्हापासून दर रविवारी बैठक भरू लागली. बाबा पैशाला हात लावत नसत; त्यासाठी त्यांच्या गाडीत एक डबा होता.

अण्णांचा पत्ता लागल्यावर दादा पार बदलून गेला. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळेत तो घरी यायचा, आत्याच्या खोलीच्या दाराशी स्टूल घेऊन बसायचा आणि फळ्याकडे बघत हलक्या आवाजात बोलत राहायचा. अण्णा गेले तेव्हा तो दवाखान्यात नव्हता. एका शिकाऊ बाईंनी गाडी दुभाजकावर चढवली होती, ती उतरवत बसला होता. पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याविषयी तो इतके महिने कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता. आत्याला एकीकडे बाबांचा संताप यायचा आणि दुसरीकडे भावाला थांबवायचा धीर व्हायचा नाही. ती फोनचा आवाज बंद करायची, पोरांना एखादं लांबलचक गणित घालायची आणि पाठमोरी उभी राहून फळा पुसत राहायची. फळा केव्हाच कोरा झालेला असायचा.

पुढच्या भेटीत बाबांनी मुद्द्याला हात घातला.

"रस्त्याकडची खोली ही आता साधी खोली राहिली नाही," ते म्हणाले. "तिथे तरंगकेंद्र व्हायला हवं. मी स्वतः तिथे राहायला येईन. अण्णांची तशी इच्छा आहे."

"आणि मी कुठे राहायचं?" आत्यानं विचारलं.

"गॅरेजवर माळा आहे की," दादा तिची नजर चुकवत म्हणाला. "टायर जरा सरकवले तर पलंग मावतो."

"माळ्यावर नेट येत नाही, दादा. माझे वर्ग?"

"अगं, अण्णांच्या पुढे वर्ग काय घेऊन बसलीस?"

आत्याला हसू आलं. खरं म्हणजे रडू यायला हवं होतं, पण पत्र्याच्या माळ्यावर टायरांच्या चळतीत बसून समीकरणं सोडवणारी आपली मूर्ती तिला दिसली आणि हसू फुटलंच. "बाबा," ती म्हणाली, "अण्णांना आयुष्यभर गणिताचं वावडं. ते रोज दुपारी माझ्या वर्गात येऊन बसतील, हे काही मला पटत नाही."

बाबांचे डोळे बारीक झाले. "ही कोण?"

"ही आमची आत्या," भाची म्हणाली.

"आत्या!" बाबांनी शाल ओढली. आत उजेड फुटला. "आत्या, तू तरंगांचा अपमान केलास. या क्षणापासून तुझा तरंग तुटला! शपथपूर्वक सांगतो, तुझ्या हातात आता इंटरनेटचा थेंबसुद्धा येणार नाही!"

सगळे आत्याच्या हातातल्या फोनकडे बघू लागले. आत्यानंही बघितलं. वर्गातल्या एका मुलाचा निरोप आला होता: आजचं गणित चुकलंय का हो? त्यामागोमाग दुसरा, तिसरा. नेट वाऱ्यासारखं धावत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून किंकाळी आली. "अगंबाई! माझं गेलं!"

वहिनी हातात फोन घेऊन धावत आल्या. त्यांच्या बहिणीशी ऐन रंगात आलेलं बोलणं कटकन तुटलं होतं. बाबा शालीतून बाहेर आले, त्यांनी आत्याच्या फोनकडे पाहिलं, वहिनींच्या फोनकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर अगदी पेपर अवघड गेलेल्या मुलासारखा झाला. पण माणूस तयारीचा. "माउली!" ते वहिनींसमोर हात जोडून म्हणाले, "नणंदेवरचा घाव तुम्ही स्वतःवर घेतलात!"

वहिनी कृतकृत्य झाल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी ही गोष्ट सगळ्या इमारतीत सांगितली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांची मालिका चुकली आणि त्या आत्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, तुमचा घाव तुम्ही परत घ्या बाई. मला नाही सोसत."

"वहिनी, हा फोन तुम्ही कधी घेतला?"

"मी कुठला घ्यायला? माझा बादलीत पडला, तेव्हा तुमचाच जुना नाही का मला दिलात? आणि तुम्ही अण्णांचा घेतलात, मोठ्या पडद्याचा."

आत्याच्या हातातला खडू खाली पडला.

या घरात फोन घेण्याचा एक विधी होता. दादाला प्रत्येक गोष्टीवर नाव घालायची हौस. दुकानात फोन घेतला, की तो दुकानदाराला तिथेच सांगायचा, "आत नाव टाका." आजवर घेतलेल्या प्रत्येक फोनच्या पोटात, मालकिणीचं किंवा मालकाचं नाव कधीकाळी भरलेलं होतं: अण्णा, दादा, आत्या, आणि मुलीच्या फोनमध्ये बापाच्या मायेनं छकुली. पुढे फोन या हातातून त्या हातात गेले. नावं बदलायचं कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"शाप मला दिला," आत्या पुटपुटली, "आणि लागला आत्या नावाच्या फोनला. अण्णा दुपारी जोरात असतात, कारण दुपारी माझे वर्ग असतात. खोलीवर बाबांचा डोळा होताच. बाबांना माणसं दिसतच नाहीत. त्यांना फोनची नावं दिसतात!"

तिनं भाचीला हाक मारली. भाची आली, ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले, आणि ती धावत जाऊन राउटरच घेऊन आली. आत्यानं तो उलटा केला. पोटावर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली होती: राउटरच्या आतल्या पानाचा पत्ता, वापरायचं नाव, पासवर्ड. एरवी बसवणारा माणूस हा पासवर्ड बदला म्हणून सांगून जातो. या घरात तो बदलायचा राहिला होता, आणि वहिनींच्या प्लॅस्टिकखाली चिठ्ठीचं एक अक्षरही पुसट झालेलं नव्हतं.

"उदरदर्शन!" भाची किंचाळली.

दोघींनी तो पत्ता फोनमध्ये टाकला. पान उघडलं. त्यावर घरातले सगळे फोन ओळीनं मांडलेले. अण्णा, दादा, छकुली. आत्या, आणि तिच्यापुढे लाल फुली: बंद. कुणी केव्हा किती नेट वापरलं तेही समोर, आणि अण्णांचा आकडा सगळ्यात फुगलेला. खाली एक बटण होतं, राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचं. हाच तो श्वास! भाचीनं ते दाबून पाहिलं आणि राउटरनं मुकाट्यानं श्वास घेतला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या, की वहिनींना वाटलं आता यांनाही काही लागलं.

मग आत्याला यादीच्या तळाशी एक पाचवं नाव दिसलं. घरातल्या कुणाचंच नव्हतं. फक्त बैठकीच्या वेळी आलेलं. ते वाचून ती भिंतीला टेकली आणि पुन्हा हसत सुटली.

"आत्या, बाबांना सांगूया? आत्ताच?" भाचीनं विचारलं. तिला बाबा म्हणजे दादा अभिप्रेत होता.

आत्याचं हसू थांबलं. दादा अजून रोज दाराशी बसत होता. "तुझा बाप ऐकणार नाही," ती म्हणाली. "त्याला अण्णा हवेत. नुसतं सांगून भागणार नाही, दाखवावं लागेल."

रविवार उजाडला. खोली रिकामी करायचा दिवस. फळा जिन्यात आणून ठेवला होता, आत्याची पुस्तकं खोक्यांत भरली होती. आज गर्दी एवढी, की दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यातली खुर्ची सोडून सगळं फर्निचर वर आणलं होतं. बाबा प्रसन्न होते. त्यांची बॅग आधीच रस्त्याकडच्या खोलीत पोचली होती.

"बाबा, मी जातेय," आत्या नम्रपणे म्हणाली. "पण जाण्याआधी एकदा बघून सांगा, माझ्या खोलीत आता कोण आहे?"

शाल ओढली गेली. तेज फुटलं. बराच वेळ गेला. तेज मंदावलं, लख्ख झालं, पुन्हा मंदावलं.

"अण्णा..." बाबा अडखळले. "अण्णा दिसत नाहीत."

"म्हणजे?" दादा उभाच राहिला.

"त्यांची सुटका झाली! पण थांबा. नवीन कुणीतरी आलंय. मोरूकाका!"

खोलीत कुजबुज उठली. दादानं वहिनींकडे पाहिलं. "मोरूकाका कोण? तुमच्याकडचे का?"

"आमच्याकडे नाही बाई कुणी मोरू. तुमच्याकडचेच असतील."

"फार दुखावलेत," बाबा सांगू लागले. "म्हणतात, घरात माझी कुणी आठवणच काढत नाही!"

"नाहीच काढत," दादा ओशाळून म्हणाला.

"मोरूकाका म्हणजे ते उंचेलेसे ना?" दातांचे डॉक्टर मध्येच म्हणाले. "टोपी घालायचे? अहो, त्यांची दाढ मी काढली होती!"

"तीच दाढ!" शालीतून आवाज आला. "तीच अजून ठणकतेय!"

आत्यानं ओठ दाताखाली दाबून धरले. भाचीनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

"बाबा, एक विनंती आहे," आत्या कशीबशी म्हणाली. "तुमची शाल क्षणभर द्याल? मलाही तरंग येतोय असं वाटतं."

बाबा काही म्हणायच्या आत वहिनींनी भक्तिभावानं शाल त्यांच्या डोक्यावरून उचलली. त्यांना वाटलं नणंदेला अखेर उपरती झाली. बाबांनी घाईघाईनं हात कफनीत घातला. आत्या मांडी घालून बसली आणि तिनं शाल डोक्यावरून ओढली.

दोन क्षणांत शालीतून निळसर पांढरा उजेड पाझरला.

"तेज!" डॉक्टर ओरडले. "आत्यांनाही तेज!"

"शांऽऽत व्हा," शालीतून आत्याचा आवाज घुमला. "या खोलीत... एक... बबड्या आहे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बबड्या? कोण बबड्या? फक्त एक माणूस कुणाकडेच बघत नव्हता. तरंगबाबांच्या चेहऱ्यावरचा रंग मानेपर्यंत उतरला होता.

"बबड्या दर रविवारी येतो," शाल पुढे बोलली. "बैठक सुरू झाली की येतो, संपली की जातो. बबड्या, कुणी लाडानं ठेवलं रे तुझं हे नाव? आईनं की बायकोनं?"

"आईनं," बाबांच्या तोंडून निघून गेलं.

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं.

आत्यानं शाल बाजूला केली. तिच्या हातात फोन होता, आणि पडद्यावर ती यादी. तिनं फोन दादाच्या हातात दिला आणि सगळं उलगडून सांगितलं: चिठ्ठी, पासवर्ड, नावं, फुली, श्वासाचं बटण. बबड्या म्हणजे बाबांचाच फोन, शालीतलं तेज म्हणजे त्याचा पडदा, आणि बोट लावलं नाही की तो मंद होतो. "मोरूकाका नावाचा माणूस आपल्याकडे कधी झालाच नाही. काल छकुलीनं, बरं बाई, हिनं माझ्या फोनचं नाव बदललं, एवढंच. मोरूकाका म्हणजे हा फोन. त्याला दाढ नाही."

सगळ्यांच्या नजरा डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टर छताकडे पाहू लागले.

"कुणावरही विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा," आत्या म्हणाली. "घरी जा, आपापला राउटर उलटा करा, चिठ्ठी वाचा आणि हे पान स्वतः उघडून बघा. जमलं तर मी खरी. आणि पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड बदला."

"माझा फोन सुरू करा आधी!" वहिनी कडाडल्या आणि बाबांच्या दिशेनं निघाल्या. बाबा तोवर दाराशी पोचले होते. जाता जाता ते एवढंच पुटपुटले, की पूर्वी राउटर बसवायचो, तेव्हा कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःच्या चपला काही सापडल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांच्या घालून गेले.

लोक हसत, वाद घालत, आपण आधीच ओळखलं होतं असं एकमेकांना सांगत पांगले. दादा मात्र हातात फोन घेऊन तसाच बसून होता.

"म्हणजे अण्णा नव्हतेच," तो म्हणाला.

"नव्हते, दादा."

"मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होतो? मूर्खासारखा, फळ्याशी?"

आत्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दिवसभराचं हसू तिच्या चेहऱ्यावरून गेलं होतं.

"माझ्याशी," ती म्हणाली. "मी रोज वर्गाचा आवाज बंद करून ऐकत होते. तू दवाखान्यात पोचला नाहीस, ते दुभाजकावरच्या गाडीचं, सगळं ऐकलं. अण्णांनी शेवटी तुझी चौकशी केली होती, दादा. तू गाडीवर आहेस असं सांगितलं तर म्हणाले, सावकाश येऊ दे त्याला. मी तुला हे सांगणारच होते, पण तू विषयच काढू द्यायचा नाहीस. आणि मग तो बबड्या आला."

दादा रडला, पण या वेळी त्यानं तोंड झाकलं नाही. जरा वेळानं तो उठला, जिन्यात गेला आणि फळा डोक्यावर घेऊन आला. तो भिंतीला टांगता टांगता दारात अजून रेंगाळलेल्या चार लोकांवर त्याच्या नेहमीच्या आवाजात ओरडला.

"काय बघताय? मी नव्या माणसाला गाडी शिकवतो तेव्हा पहिली गोष्ट सांगतो, समोर बघा. शेजारी कितीही मोठा माणूस बसला असेल आणि तो म्हणाला डोळे मिटा, मी सांगतो तसं चालवा, तर ब्रेक दाबा. खाली उतरा आणि स्वतः बघा काय आहे ते. मला भान राहिलं नाही. तुम्ही ठेवा."

त्याच्या उजव्या पायानं फरशी करकचून दाबली होती.

संध्याकाळी वहिनींनी मन घट्ट करून राउटरचं प्लॅस्टिक सोललं. मग कोचाचं. मग रिमोटचं, तेवढं मात्र त्यांनी घडी करून जपून ठेवलं. भाचीनं नवा पासवर्ड घातला, फोनांची नावं बदलली आणि सगळ्यात आधी छकुलीला कायमची रजा दिली. मोरूकाका तसेच राहू द्यावेत असं सर्वानुमते ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा स्टूल घेऊन दाराशी आला आणि संकोचून उभा राहिला. आत्यानं पोरांना एक लांबलचक गणित घातलं, फोनचा आवाज बंद केला आणि या वेळी ती फळ्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून बसली.

"बस," ती म्हणाली. "बोल."